क्षयरोगाचं परदेशी अनुदान: सही करण्याआधी दिनदर्शिका काढा

शहाद्याच्या एका छोट्या संस्थेच्या सचिव ताईंनी प्रश्न विचारलाय. संस्था बारा वर्षं बचतगट आणि बालआरोग्याचं काम करते. आता मुंबईच्या एका मोठ्या संस्थेनं क्षयरोगाच्या आंतरराष्ट्रीय अनुदानात भागीदार व्हाल का, असं विचारलंय. प्रकल्प दोन वर्षांचा. शहादा, धडगाव आणि अक्कलकुवा असे तीन तालुके, वीस क्षेत्र कार्यकर्ते. कराराचा मसुदा इंग्रजीत, जाडजूड, आणि आठ दिवसांत सही करून पाठवा असा निरोप. संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी आहे, पण त्या खात्यात बरीच वर्षं पैसा आलेला नाही. घ्यावं का, आणि घेतलं तर हा पैसा सांभाळायचा कसा?

ताई, काम घ्या. पण आठ दिवसांत सही करू नका. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या संस्थांचे बाहेरच्या अनुदानांचे हिशेब आणि अहवाल मी बरीच वर्षं पाहतोय. अडचणीत आलेल्या बहुतेक संस्थांनी पैसा खाल्लेला नव्हता. त्यांनी जे कबूल केलं होतं ते सातपुड्यात त्या महिन्यांत होण्यासारखंच नव्हतं. सही होईपर्यंत मसुद्यातली जवळपास प्रत्येक ओळ बदलता येते. सही झाली की एक मोटारसायकल कमी करून दोन टॅब घ्यायचे म्हटलं तरी तीन ठिकाणची परवानगी लागते.

सगळ्यात आधी हा पैसा कायद्यानं तुमच्यापर्यंत कसा येणार आहे ते पाहा, कारण इथेच गाडं अडू शकतं. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, दोघींची नोंदणी असली तरी नाही. त्याआधीची पद्धत वेगळी होती. २०१० पासून ग्लोबल फंडाच्या, म्हणजे एड्स, क्षय आणि मलेरियासाठी पैसा देणाऱ्या जिनिव्हाच्या संस्थेच्या, पैशावर देशभर ‘अक्षय’ प्रकल्प चालला. त्यात वर मोठी संस्था, तिच्याखाली राज्यपातळीची, तिच्याखाली जिल्ह्यातली छोटी, अशी साखळी होती आणि पैसा त्या साखळीतून खाली यायचा. तुमच्या मसुद्यात ‘उप-अनुदान’ असा शब्द असेल आणि मुंबईच्या संस्थेच्या परदेशी देणगीच्या खात्यातून तुम्हाला रक्कम येणार असेल, तर तो जुना नमुना कोणीतरी तारीख बदलून पाठवलाय असं समजा. मुंबईच्या संस्थेला लेखी विचारा: पैसा कोणाचा, कोणत्या खात्यातून, आणि आम्हाला कोणत्या नात्यानं देणार?

उत्तरं तीन प्रकारची येऊ शकतात. मूळ देणारी संस्था तुमच्याशी थेट करार करेल. मग रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या संसद मार्गावरच्या मुख्य शाखेतल्या तुमच्या एफसीआरए खात्यात येईल आणि तिथून शहाद्याच्या वापर-खात्यात आणता येईल. किंवा वीस कार्यकर्ते मुंबईची संस्था स्वतःच्या पगारपत्रकावर घेईल, तुमच्याकडे फक्त स्थानिक सहकार्य राहील. किंवा तुमच्याशी सेवा-करार होईल, म्हणजे तुम्ही ठरलेलं काम करायचं आणि बिल लावायचं. या तिसऱ्या प्रकारात रक्कम देणगी राहत नाही, टीडीएस कापला जातो, आणि जीएसटी लागतो की माफ होतो हे कामाच्या वर्णनावर ठरतं. त्याबद्दल सीएचं मत लेखी घ्या, फोनवरचं नको. देणारी संस्था कायद्याच्या भाषेत ‘परदेशी स्रोत’ आहे का, हेही पाहावं लागतं. संयुक्त राष्ट्रसंघ, त्याच्या विशेष संस्था आणि जागतिक बँक यांना त्या व्याख्येतून वगळलेलं आहे. त्यामुळे पैसा ‘बाहेरचा’ आहे एवढ्यावरून काही ठरत नाही, करारावर समोर सही कोणाची आहे त्यावरून ठरतं.

तुमचं खातं रिकामं पडून आहे, त्याकडेही लक्ष द्या. पैसा आला नाही तरी एफसी-४ हे वार्षिक विवरण शून्य रकमेचं भरावंच लागतं, आणि त्याची मुदत आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिने, म्हणजे ३१ डिसेंबर. सलग दोन वर्षं संस्थेचं आपल्या क्षेत्रात काहीच काम दिसलं नाही तर नोंदणी रद्द करण्याची तरतूद आहे. नोंदणी पाच वर्षांची असते. तुमची मुदत प्रकल्पाच्या मधोमध संपत असेल तर ते मुंबईला आजच सांगा. नूतनीकरण अडकलं की खात्यातला पैसा दिसतो पण काढता येत नाही, आणि वीस घरांचा पगार त्यात असतो.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. एक मोठा कागद घ्या आणि चोवीस महिन्यांचे चोवीस रकाने आखा. वरच्या ओळीत देणाऱ्याच्या तारखा लिहा: हप्ते, तिमाही अहवाल, लेखापरीक्षण. खालच्या ओळीत आपल्या भागाच्या तारखा लिहा. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड कोसळली की धडगावचा रस्ता तुटतो आणि पलीकडच्या पाड्यांवरून थुंकीचा नमुना वेळेत खाली येत नाही. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, बारडोली-सुरतकडे आणि पश्चिम महाराष्ट्राकडे. होळीला माणसं परततात, पण त्या आठवड्यात सातपुड्यात होळी आणि भोंगऱ्या बाजार सोडून दुसरं काही होत नाही, मेळावा तर नाहीच. पुढे आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीया) लग्नसराई, पण माणसं गावीच. म्हणजे घरोघर फिरून शोधमोहीम घ्यायला खरे चांगले काळ दोनच, होळीनंतर पावसापर्यंत आणि पाऊस ओसरल्यापासून दिवाळीपर्यंत. मुंबईत किंवा जिनिव्हात बसून केलेल्या आराखड्यात मात्र उद्दिष्ट आठ तिमाहींत समसमान वाटलेलं असतं. ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीत धडगावात दर महिन्याला तेवढेच संशयित तपासायचे, असं तुम्ही सहीनिशी कबूल केलंत तर जानेवारीत तुमचा अहवाल लाल रंगात जाणार. कार्यकर्त्यांनी कितीही पायपीट केली तरी.

त्या कागदावर तिसरी ओळ आजाराची. साध्या, औषधांना दाद देणाऱ्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा. आता आकडेमोड करून पाहा. चोवीस महिन्यांपैकी पहिले तीन भरती, प्रशिक्षण आणि जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांच्या पत्रात जातात. शेवटच्या सहा महिन्यांत जे रुग्ण सापडतील त्यांचा उपचार प्रकल्प संपल्यावर पूर्ण होईल, म्हणजे ‘उपचार यशस्वी’ या रकान्यात ते तुमच्या काळात कधीच येणार नाहीत. उरले पंधरा महिने. त्यात एक अख्खा पावसाळा आणि निदान एक ऊसतोडीचा हंगाम. उपचार पूर्णतेचं उद्दिष्ट या पंधरा महिन्यांत सापडलेल्या रुग्णांवर मोजलं जावं, चोवीस महिन्यांच्या नाही, असं मसुद्यात लिहून घ्या. हे मागणं अवाजवी नाही. देणाऱ्यांकडच्या जाणत्या माणसाला ते लगेच पटतं, फक्त त्याला कोणीतरी आधी सांगावं लागतं.

स्थलांतराचा हिशेब निर्देशकांमध्येही घुसतो. निक्षयवर, म्हणजे क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, रुग्णाचं निदान कुठं झालं, नोंदणी कुठं झाली आणि सध्या तो कोणत्या आरोग्य संस्थेकडे आहे, हे वेगवेगळं नोंदलेलं असतं. धडगावच्या पाड्यावरचा माणूस खोकत खोकत ऊसतोडीला गेला आणि निदान बारडोलीत झालं, तर तो गुजरातच्या आकड्यात. होळीला घरी आला आणि पुढचे तीन महिने तुमच्या कार्यकर्तीनं त्याच्या गोळ्या सांभाळल्या, तर ‘नोंदवलेले नवे रुग्ण’ या निर्देशकात तुमच्या वाट्याला शून्य. उलटही होतं. तुम्ही शोधलेला रुग्ण उपचाराच्या दुसऱ्या महिन्यात टोळीबरोबर गेला आणि त्याचा पुढचा हिशेब दुसऱ्या राज्यातल्या पथकाकडे गेला. म्हणून मसुद्यात फक्त नोंदणीचा आकडा असेल तर आणखी दोन आकडे मागून घ्या: तपासलेले संशयित, आणि बाहेर पाठवलेल्या रुग्णांपैकी पलीकडच्या पथकानं खरोखर स्वीकारलेले. दुसऱ्या आकड्यासाठी सरकारी कार्यक्रमातल्या वरिष्ठ उपचार पर्यवेक्षकांनी निक्षयवर रुग्णाची बदली टाकणं पुरत नाही, पलीकडून ती स्वीकारली गेली पाहिजे. हेच काम सगळ्यात किचकट आहे आणि कोणाच्याच आकड्यात दिसत नाही.

याच्याच पोटातली एक बारीक गोष्ट, जिच्यावर लेखापरीक्षक खर्च सर्रास नामंजूर करतात. करारात प्रकल्पक्षेत्र ‘शहादा, धडगाव, अक्कलकुवा तालुके’ एवढंच लिहिलं असेल, तर कार्यकर्ता रुग्णांच्या पाठपुराव्यासाठी बारडोलीच्या ऊसफडात गेला तेव्हाचं बसभाडं ‘क्षेत्राबाहेरचा प्रवास’ ठरतं. ‘हे तीन तालुके आणि इथून स्थलांतरित झालेले रुग्ण जिथे असतील तो भाग’ असे शब्द घाला. अंदाजपत्रकात त्यासाठी वेगळी ओळही ठेवा, रक्कम छोटी असली तरी चालेल.

अंदाजपत्रकाकडे वळू. वीस कार्यकर्ते, समजा महिना १५,००० रुपये. मसुद्यात बहुधा २० × १५,००० × २४ असंच लिहिलं असेल. वीस माणसं झाली की भविष्य निर्वाह निधी लागू होतो, आणि मालकाचा वाटा सगळं धरून पगाराच्या सुमारे १३ टक्के पडतो. माणशी १,९५० रुपये, वीस जणांचे महिन्याला ३९,०००, चोवीस महिन्यांचे ९ लाख ३६ हजार. ही रक्कम अंदाजपत्रकात नसेल तर ती तुमच्या बचतगटांच्या कामातून जाईल किंवा कार्यकर्त्यांच्या पगारातून, आणि दोन्ही गैर आहे. ‘मानधन’ म्हणू, म्हणजे पीएफ लागत नाही, असं तुम्हाला कोणी ना कोणी सांगेलच. रोज ठरलेल्या वेळेत, तुमच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या माणसाला नाव काहीही दिलं तरी तो कर्मचारीच ठरतो.

प्रशासकीय खर्चाची २० टक्क्यांची मर्यादा तुम्ही ऐकली असेल. २०२० च्या दुरुस्तीआधी ती ५० होती. पाड्यावर फिरणाऱ्या कार्यकर्त्यांचे पगारही यात मोजायचे असं समजून काही संस्था घाबरतात. तसं नाही. पदाधिकारी आणि व्यवस्थापनाचे पगार, कार्यालयाचं भाडं, फोन, हिशेबनीस, कायदेशीर सल्ला हे त्यात येतं. उद्दिष्टासाठी थेट काम करणाऱ्या माणसांचा खर्च येत नाही. कोणती ओळ कुठं जाते हे पहिल्याच महिन्यात सीएबरोबर बसून ठरवा आणि दोन वर्षं तेच ठेवा. दरवर्षी वर्गवारी बदलणारी संस्था तपासणीत उगाच संशयास्पद दिसते.

रुपयाचा भाव हा छोटा मुद्दा. अंदाजपत्रक डॉलरमध्ये असेल आणि रुपया घसरला तर हातात जास्त रुपये येतात. ते तुमचे नाहीत, देणाऱ्याला विचारल्याशिवाय खर्चू नका. बँकेचं व्याजही तसंच, परदेशी देणगीवरचं व्याज परदेशी देणगीच.

आता हप्ते. आपल्या भागात समजेल असं सांगायचं तर पहिला हप्ता म्हणजे मुकादमानं दिलेली उचल: हातात आली म्हणून आपली होत नाही, ती कामानं फेडायची असते. तुम्ही तीन महिन्यांचा खर्च आणि प्रगती कळवणार, मुंबईची संस्था ती तपासून सगळ्या जिल्ह्यांची एकत्र करणार, ते वर जाणार. ग्लोबल फंडासारखा देणारा असेल तर त्याचा देशातला तपासनीस मध्ये कागद पाहणार, शंका काढणार, तुम्ही उत्तरं देणार, मग हप्ता. एका जिल्ह्याचा अहवाल लटकला तर सगळ्यांचा लटकतो. दोन महिने उशीर सहज होतो. तुमच्या बाबतीत दोन महिने म्हणजे नुसत्या पगाराचे ६ लाख रुपये. मुंबईला विचारलं तर उत्तर मिळेल, पुढच्या आठवड्यात. आपल्याकडे म्हणतात तसं, यी तवय यी, येईल तेव्हा येईल.

या दोन महिन्यांची सोय आधी करावी लागते. पहिली सोय करारात: पहिला हप्ता तीन ऐवजी पाच महिन्यांचा मागा. द्यायला बरेच जण तयार होतात, मागणारे कमी असतात. दुसरी सोय संस्थेच्या स्वतःच्या देशी निधीत, आणि इथं जपून. एफसीआरए खात्यात देशी पैसा एक रुपयाही टाकायचा नाही, तात्पुरता म्हणूनही नाही. देशी खात्यातून पगार देऊन नंतर भरपाई घ्यायची असेल तर आधी कार्यकारिणीचा ठराव, देणाऱ्याची लेखी संमती आणि सीएचा होकार, तिन्ही हवेत. दुसऱ्या देणाऱ्याचा पैसा ‘चार दिवसांसाठी’ फिरवणं मात्र अजिबात नको. दोन्हीकडचे लेखापरीक्षक एकाच महिन्यात आले की ते चार दिवस दोन्ही वह्यांत दिसतात.

पावत्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे चांगल्या माणसांना खोटं करायला शिकवलं जातं. तुमची कार्यकर्ती मोलगीहून एखाद्या पाड्यावर जाते, थोडं अंतर क्रुझरच्या टपावर, थोडं पायी. नर्मदेकाठच्या गावांना तर बोटीनं. तिकीट कोण देणार? हिशेबनीस म्हणतो, बिल आण, नाहीतर पैसे नाहीत. मग ती धडगावच्या एखाद्या गाडीवाल्याकडून कोरी पावतीपुस्तिका आणते. वर्षभरानं लेखापरीक्षकाला वीस कार्यकर्त्यांच्या पावत्या एकाच पुस्तिकेतल्या, ओळीनं क्रमांक असलेल्या, एकाच अक्षरातल्या सापडतात. प्रवास खरा, कागद खोटा, आणि रक्कम परत करायची संस्थेनं.

यावर उपाय म्हणजे प्रवासाचं धोरण, आणि ते पहिला प्रवास होण्याआधी मंजूर करून घ्यायचं. प्रत्येक पाड्याचं प्राथमिक आरोग्य केंद्रापासूनचं अंतर आणि जाण्याचं साधन यांचा तक्ता करा, त्यावर वैद्यकीय अधिकाऱ्यांची सही घ्या. दर ठरवा. बिल मिळत नाही तिथं ठरावीक रकमेपर्यंत स्वघोषणापत्र चालेल, असं देणाऱ्याकडून लेखी घ्या. प्रवासाच्या नोंदीत त्या दिवशीचे नमुने किंवा भेट दिलेल्या रुग्णांचे निक्षय क्रमांक लिहा. म्हणजे प्रवासाचा पुरावा तिकिटात नसून प्रयोगशाळेच्या रजिस्टरमध्ये सापडतो. तिकिटापेक्षा तो भक्कम, कारण तो तुम्ही लिहिलेला नसतो.

तीन कोटेशनचंही असंच. तालुक्याला टॅब विकणारं धड दुकान एक असतं. तोच दुकानदार आनंदानं आणखी दोन लेटरहेड काढून देतो, त्यातल्या एकावरचा पत्ता त्याच्या मेव्हण्याच्या पिठाच्या गिरणीचा. तपासणाऱ्यांना हे ओळखता येत नाही असं समजू नका, ते फोन लावतात. एकच पुरवठादार असेल तर तसं टिपण लिहा: कुठं कुठं विचारलं, कधी, काय उत्तर आलं, हाच का घेतला. किंवा नंदुरबार-धुळ्याहून खरी कोटेशनं मागवा. प्रशिक्षणाच्या हजेरीपत्रकावर बेचाळीस सह्या आणि जेवणाच्या बिलात साठ ताटं असतील तर फरक त्याच दिवशी लिहून ठेवा. सहा महिन्यांनी कारण आठवत नाही आणि मग माणूस कारण तयार करतो. अंगठा असेल तर तो कोणाचा हे शेजारी लिहून साक्षीदाराची सही घ्या, ५,००० रुपयांवरच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावा, आणि एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख देऊ नका.

दुहेरी देणं ही आणखी एक खास क्षयरोगाच्या कामातली अडचण. सरकारी कार्यक्रमात बरंच काही आधीच आहे. निक्षय पोषण योजनेत रुग्णाला महिन्याला १,००० रुपये मिळतात, नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते. निक्षय मित्रांकडून, म्हणजे रुग्णांना दत्तक घेणाऱ्या दात्यांकडून, शिधा मिळतो. उपचार पूर्ण करून घेणाऱ्या आशाताईला मोबदला आहे. तुमच्या अनुदानातही ‘पोषण आधार’ आणि ‘आशा प्रोत्साहन’ अशा ओळी असतील. त्याच रुग्णासाठी त्याच कामाचे पैसे दोनदा दिले गेले तर तुमचा खर्च बाद होतो. त्याहून वाईट म्हणजे आशाताई चौकशीत सापडते, तिचा काही दोष नसताना. जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांकडून पत्र घ्या: सरकार कशासाठी देतं, तुमचं अनुदान कशासाठी देणार. आशाताईंना तुमच्याकडून द्यायचं असेल तर सरकारी मोबदल्यात नसलेल्या कामासाठीच द्या, उदाहरणार्थ दुर्गम पाड्यावरून नमुना केंद्रापर्यंत पोचवणं, आणि तेही सरकारकडून मिळत नसल्याची खात्री करून.

माझं मत विचाराल तर अनुदानातला पैसा गोळ्या, शिधा अशा गोष्टींवर घालूच नये. औषधं सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात, ट्रूनॅट-सीबीनॅट या यंत्रांवरच्या थुंकीच्या तपासण्याही. भारताच्या क्षयरोग कार्यक्रमाचा बहुतेक खर्च आता केंद्र आणि राज्यच करतात. आपल्या भागात तुटतो तो मधला दुवा: पाड्यापासून यंत्रापर्यंतचा नमुना, भाषा समजणारा माणूस, टोळीबरोबर गेलेल्या रुग्णाला केलेला फोन. पावरी किंवा भिली बोलणारी कार्यकर्ती ही तुमच्या अंदाजपत्रकातली सगळ्यात उपयोगी ओळ आहे. तिचा पगार कापून बॅनर आणि टोप्या छापायला सांगितलं तर वाद घाला.

रुग्णांची गुप्तता हिशेबात सांडते, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. प्रवासभत्त्याच्या पावतीवर रुग्णाचं नाव, गाव आणि ‘क्षयरोग’ असं लिहिलेलं असतं, ती पावती मुंबईला जाते, स्कॅन होते, ईमेलवर फिरते. बाईचं लग्न मोडायला एवढं पुरतं. पावतीवर निक्षय क्रमांक पुरेसा आहे. नाव आणि क्रमांक जोडणारं रजिस्टर एका कपाटात, एका माणसाकडे. तपासनीस आला तर त्याला तिथंच बसवून दाखवा, प्रत देऊ नका. एचआयव्हीची नोंद हिशेबाच्या कोणत्याही कागदावर कधीही नको.

एका कार्यकर्त्याचा अर्धा पगार या अनुदानातून आणि अर्धा बालआरोग्याच्या प्रकल्पातून देणार असाल तर वेळपत्रक हवं, त्यानं स्वतः भरलेलं, दोन्ही प्रकल्प मिळून शंभर टक्के होणारं. महिनाअखेरीला हिशेबनिसानं सगळ्यांचं एका बैठकीत भरलेलं वेळपत्रक हस्ताक्षरावरून ओळखू येतं. लेखापरीक्षणं दोन होतील. देणाऱ्याचं वर्ष बहुधा जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. टॅलीत सुरुवातीपासून खर्चाची खाती देणाऱ्याच्या अंदाजपत्रकाच्या ओळींप्रमाणे पाडली की दोन्ही अहवाल एकाच वहीतून निघतात. आणि सीएला आठवण द्या की परदेशी देणगी आली त्या वर्षी, रक्कम छोटी असली तरी, प्राप्तिकराचा लेखापरीक्षण अहवाल कोणत्या नमुन्यात लागतो ते तपासून घ्यावं. २०२३ साली अशा संस्थांना १०बीबी ऐवजी १०बी हा नमुना लागू झाला, पण छोट्या संस्थांचे सीए जुन्या सवयीनं चुकतात.

आता न आवडणारा मुद्दा, पैसा मधेच थांबला तर. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत नव्वद दिवसांसाठी गोठवली, आणि जुलैत यूएसएड ही तिची परदेशी मदत वाटणारी संस्था बंदच झाली. तिच्या पैशावरची क्षयरोगाची कामं जगभर कोलमडली. ग्लोबल फंडानं चालू अनुदानांतून कपात केली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पुढच्या काळासाठी १८ अब्ज डॉलरचं उद्दिष्ट असताना ११.३४ अब्जांचीच वचनं जमली. म्हणजे तुमचा प्रकल्प चोवीस महिने चालेलच असं धरून नियुक्तिपत्रं देऊ नका. पत्रात मुदत ‘अनुदान सुरू असेपर्यंत’ अशी हवी, सोबत ठरलेली नोटीस. आणि मुंबईच्या करारात असं कलम हवं की देणाऱ्यानं मधेच थांबवलं तर नोटीसकाळाचे पगार आणि तोवर मंजुरीनं केलेला खर्च तुम्हाला मिळेल. बहुतेक मसुद्यांत उलटं लिहिलेलं असतं, की वरून पैसा आला तरच खाली. ते कलम तसंच ठेवून सही केली तर सगळी जोखीम शहाद्याच्या संस्थेवर, हे कार्यकारिणीला वाचून दाखवा.

रुग्णांच्या बाजूनं तयारी वेगळी. गोळ्या सरकारी असल्यानं त्या थांबणार नाहीत, पण तुमची कार्यकर्ती थांबली की ज्यांचं तिच्यावर अवलंबून होतं ते सुटतील. दर महिन्याच्या शेवटी उपचारावरच्या रुग्णांची यादी वरिष्ठ उपचार पर्यवेक्षकांबरोबर जुळवून घ्यायची: कोण कुठं आहे, कोणाच्या गोळ्या किती दिवसांच्या, कोण दिवाळीनंतर जाणार, सध्याचा फोन कोणता. गुजरातेत गेल्यावर सिम बदलतं, म्हणून मुकादमाचा किंवा टोळीतल्या एखाद्याचा नंबरही घ्या, रुग्णाला विचारूनच, आणि फोनवर आजाराचं नाव न घेता.

तुम्ही शेवटी विचारलंय की चार मोटारसायकली मंजूर आहेत, त्या संस्थेच्या नावावर घ्याव्यात की कार्यकर्त्यांच्या. संस्थेच्याच. आरसी, विमा, लॉगबुक सगळं संस्थेचं, आणि मालमत्ता रजिस्टरमध्ये अनुदानाचं नाव, चासी क्रमांक, कोणाच्या ताब्यात. प्रकल्प संपल्यावर त्या कोणाकडे राहणार हे करारात आत्ताच लिहून घ्या. मला विचाराल तर चारऐवजी दोनच घ्या. अक्कलकुव्यापुढच्या बऱ्याच पाड्यांवर मोटारसायकल अर्ध्या वाटेतच सोडावी लागते. उरलेल्या पैशात कार्यकर्त्यांच्या स्वतःच्या गाड्यांना किलोमीटरमागे दर द्या. मसुद्याची अंदाजपत्रकाची पानं आणि मुदतपूर्व समाप्तीचं कलम, एवढं पाठवलंत तर ओळीओळीनं पाहून सांगतो.